शर्ली आणि डॉली कॉलिन्स : गाणे जुनेच, साथ मात्र संपूर्ण नवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघी बहिणी आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या गाता. एक गाते, दुसरी पेटीची साथ करते. इंग्लंडच्या शर्ली आणि डॉली कॉलिन्स या बहिणींची ध्वनिमुद्रणे ऐकल्यापासून, जुन्या लोकगीतांना त्यांनी दिलेले नवे रूप इतके सहज का वाटते, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. जुनी वाद्ये घेतली म्हणजे गाणे अधिक अस्सल होते का आणि त्यांच्या पद्धतीतले आपल्याला काय उचलता येईल, हेही तुम्ही विचारले आहे. मी अनेक वर्षे नाट्यसंगीताच्या साथीला ऑर्गन आणि पेटी वाजवत आले आहे, लोकगीतांचे संगीत संयोजनही करते, आणि या दोन बहिणींचे काम फार जवळून अभ्यासले आहे. म्हणून जरा विस्ताराने उत्तर देते.

उत्तराचा गाभा आधी सांगते. या जोडीत शर्लीने गाण्यात जवळपास काहीही बदलले नाही आणि डॉलीने गाण्याच्या भोवतालचे जवळपास सगळे बदलले. कामाची ही वाटणी त्यांनी अखेरपर्यंत मोडली नाही. नवेपणा गळ्यात आणायचा नाही, तो साथीत आणायचा, आणि साथीनेही श्रोत्याला ‘इथे रडा, इथे हसा’ असे सांगायचे नाही, हे पथ्य दोघींनी पाळले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत जुनी वाद्ये आहेत हे आपल्या चटकन लक्षात येते, परंतु त्या वाद्यांची निवड या पथ्यातून झालेली आहे, हे मात्र ऐकताना सहसा सुटून जाते.

दोघी बहिणी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्स परगण्यातल्या. डॉलीचा जन्म 1933 चा, शर्लीचा 1935 चा. हेस्टिंग्ज हे त्यांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांच्या वेळी आडोशाला बसलेले असताना आजी-आजोबा त्यांना जुनी गाणी म्हणून दाखवत, म्हणजे यांतली काही गाणी त्यांच्यापर्यंत छापील पुस्तकातून नव्हे तर घरातूनच पोचली. पुढे वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. डॉलीने ॲलन बुश या आधुनिक वळणाच्या संगीतकाराकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. शर्ली लंडनच्या लोकसंगीताच्या वर्तुळात गाऊ लागली, आणि 1959 साली अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ध्वनिमुद्रणाच्या दौऱ्यावर गेली. मिसिसिपीतील शेतकरी-गायक फ्रेड मॅकडॉवेल यांचे पहिले ध्वनिमुद्रण याच दौऱ्यातले. आर्कान्सासच्या अल्मेडा रिडल यांच्यासारख्या, जुनी कथागीते साथीशिवाय, चेहऱ्यावरची रेषही न हलवता गाणाऱ्या स्त्रियांना तिने समोर बसून ऐकले. गाणाऱ्याने गाण्याच्या मागे उभे राहावे, पुढे नव्हे, हे मत शर्ली आयुष्यभर मांडत आली आहे. ते मत कानांवर झालेल्या या संस्कारातून पक्के झाले असावे, असे मला वाटते.

डॉलीच्या साथीचे वेगळेपण कळण्यासाठी त्याआधी या गाण्यांना कोणत्या प्रकारची साथ मिळत होती, ते पाहावे लागेल. लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी 1903 साली सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज या गावी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याचे गाणे ऐकून टिपून घेतले आणि तिथून त्यांच्या संग्रहाला सुरुवात झाली. 1904 पासून त्यांनी सॉमरसेटची गाणी भागाभागांनी प्रसिद्ध केली, ती पियानोच्या साथीसह. उद्देश चांगला होता, कारण मध्यमवर्गीय घरांत पियानो होता आणि गाणे त्या घरांत पोचायचे असेल तर पियानोच्या आधाराने पोचणार होते. पण माळ्याने साथीशिवाय, आपल्या श्वासाच्या मापाने गायलेले गाणे त्यामुळे मात्रांच्या समान खणांत बसवले गेले. पुढे 1950 नंतरच्या पुनरुज्जीवनात ए. एल. लॉइड आणि युअन मॅकॉल या लोकगायकांच्या प्रभावाखाली साथीशिवाय गाण्याला पुन्हा मान मिळाला, आणि त्याच वेळी तरुण गायकांच्या हातात गिटार आली. गिटारचे नेहमीचे तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वरसमूह, कोणत्याही गाण्याखाली घालता येतात, हाच त्या साथीचा धोका होता, कारण त्यामुळे वेगवेगळ्या परगण्यांतली, वेगवेगळ्या स्वभावाची गाणी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटू लागली.

शर्लीने यावर पहिला उपाय डॉलीसोबत नव्हे, तर गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांच्यासोबत शोधला. 1964 मधील त्या दोघांच्या ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’ या तबकडीत जुन्या लोकगीतांखाली जॅझ आणि अरबी संगीताच्या छटा असलेली गिटार आहे. ग्रॅहम यांनी रूढ केलेल्या तारा लावण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे गिटारवर मोकळे सूर आस देत राहतात आणि चालीला कॉर्डच्या साखळीत अडकावे लागत नाही. तबकडी उत्तम आहे. परंतु तिथे गिटार स्वतःही बोलते, आणि पुष्कळदा ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे जाते. डॉलीच्या साथीत असे होत नाही.

1967 मधील ‘द स्वीट प्रिमरोझेस’ या तबकडीत डॉलीचा छोटा पाइप-ऑर्गन प्रथम ऐकू येतो. या वाद्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या हातात पेटी आहे आणि दोन्ही वाद्ये हवेवर चालत असली तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. पेटीत आणि आपल्या संगीत नाटकांतल्या पायांनी भाता मारायच्या ऑर्गनमध्ये धातूची पत्ती कंप पावते. भात्यावर जोर वाढवला की आवाज मोठा होतो आणि सूर जवळपास जागच्या जागी राहतो, म्हणून पेटीवाला हवा कमी-जास्त करून गायकाच्या हरकतीमागे फुगवटा देऊ शकतो. डॉलीच्या ऑर्गनमध्ये पत्ती नव्हती, बासरीच्या जातीच्या नळ्या होत्या. नळीत हवेचा दाब वाढवला तर आवाजाबरोबर सूरही चढतो, म्हणजे वाद्य बेसूर होते. त्यामुळे असा ऑर्गन एकाच दाबावर, एकाच पातळीच्या आवाजात वाजवावा लागतो. सूर सुरू होतो, जितका वेळ पट्टी दाबून ठेवावी तितका वेळ सरळ राहतो आणि पट्टी सोडताच थांबतो. त्यात चढ नाही, उतार नाही, उसासा नाही.

आता शर्लीचा आवाज आठवून पाहा. त्यात कंप जवळपास नाही, शब्दांवर नाट्यमय जोर नाही, खुनाची हकीकत आणि वसंतातली भेट ती सारख्याच शांतपणे सांगते, आणि उच्चार ससेक्सच्या मातीतले आहेत. असा आवाज आणि असा ऑर्गन एकत्र आले की दोन सरळ रेषा शेजारी-शेजारी चालतात आणि त्यांच्यामधले अंतर कमी-जास्त होण्यातून जे काही व्हायचे ते होते. तिथे पियानो असता तर प्रत्येक सूर आघाताने सुरू होऊन विरत गेला असता, आणि विरणारा सूर नेहमी पुढचा आघात मागतो, त्यामुळे साथ गाणाऱ्याला ढकलत राहते. ऑर्गनचा सूर विरत नाही, म्हणून तो घाई करत नाही. गाणाऱ्याने ओळीच्या शेवटी एक श्वास जास्त घेतला तरी साथ कोलमडत नाही. लोकगीतातल्या ओळी क्वचितच एका मापाच्या असतात, त्यामुळे ही सोय मोठी आहे.

दुसरी गोष्ट स्वरसंगतीची. इंग्लंडच्या अनेक जुन्या चाली आपल्या भाषेत सांगायच्या तर काफी, खमाज किंवा आसावरी थाटाच्या सप्तकात बसतात, म्हणजे त्यांत कोमल निषाद असतो. पाश्चात्त्य शास्त्रीय हार्मनीचा सगळा व्यवहार मात्र शुद्ध निषादावर उभा आहे. षड्जाकडे परत येण्यासाठी पंचमावरचा जो कॉर्ड वापरतात, त्यात शुद्ध निषाद असतो आणि त्याच्याच ओढीने कान घरी परततो. काफीच्या अंगाच्या चालीखाली हा कॉर्ड आला की गाण्याचा रंग क्षणात बदलतो आणि चाल जुन्या सभागृहातल्या भावगीतासारखी वाटू लागते. डॉलीचे शिक्षण शास्त्रशुद्ध झालेले होते, म्हणून कुठे काय टाळायचे हे तिला नेमके ठाऊक होते. तिच्या साथीत लांबवलेले सूर, मोकळे षड्ज-पंचम, आणि गाण्याच्या शेजारून चालणारी एखादी स्वतंत्र ओळ असते. ही ओळ बहुतेक वेळा चालीतल्याच स्वरांची असते. चालीबाहेरचा स्वर तिने आणला तर तो कारणाने आणलेला असतो, आणि तो ऐकू येतो.

1968 मध्ये ‘द पॉवर ऑफ द ट्रू लव्ह नॉट’ आली, जो बॉइड यांच्या निर्मितीखाली. त्याच वर्षी डॉलीने इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या गटासाठीही ऑर्गन वाजवला. पण ज्या कामामुळे या जोडीचे नाव कायमचे राहिले, ते म्हणजे 1969 मधील ‘अँथम्स इन ईडन’. हार्वेस्ट ही रॉक संगीतासाठी नव्यानेच निघालेली कंपनी होती आणि तिने ही तबकडी काढली. तबकडीची एक अख्खी बाजू, सुमारे 28 मिनिटांची, एकाच सलग कथेला दिलेली आहे. शर्लीचे तेव्हाचे पती ऑस्टिन जॉन मार्शल यांची ही कल्पना. वेगवेगळ्या ठिकाणची स्वतंत्र लोकगीते एकापुढे एक लावून त्यातून तरुण-तरुणीची भेट, प्रेम, दुरावा, त्याचे युद्धावर जाणे आणि त्यानंतरचे गाव अशी गोष्ट उभी केली आहे. पहिल्या महायुद्धाने इंग्लंडच्या खेड्यांतले पुरुष नेले आणि त्यांच्याबरोबर गाण्या-नाचण्याची परंपराही खंडित झाली, ही या रचनेमागची वेदना आहे.

या कथेतली तीन गाणी जवळून पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीचे ‘सर्चिंग फॉर लॅम्ब्स’ हे गाणे शार्प यांच्या संग्रहातले, आणि त्याची चाल पाचाच्या मोजणीत टिपलेली आहे. झपतालाचा अर्धा भाग मनात धरला तर तुम्हाला ती मोजणी अनोळखी वाटणार नाही, पण इंग्रजी कानाला ती असमान वाटते, आणि अनेक संयोजकांना अशा चाली चारात किंवा सहात ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. ही असमानता म्हणजे गाणाऱ्याच्या श्वासाची खूण आहे, ती चूक नव्हे. ‘अवर कॅप्टन क्राइड’ या दुसऱ्या गाण्याची चाल राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने 1904 मध्ये ससेक्समधील हॉर्शमजवळच्या मंक्स गेट या वस्तीत हॅरिएट व्हेराल या बाईंकडून टिपून घेतली. 1906 च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या प्रार्थना-संग्रहात तीच चाल जॉन बन्यन या जुन्या लेखकाच्या यात्रेकरूच्या गीताला लावली गेली, आणि आज इंग्लंडमध्ये बहुतेकांना ती चर्चमधले गीत म्हणूनच ठाऊक आहे. शर्ली तीच चाल मूळच्या शब्दांसह, युद्धावर निघालेल्या माणसाच्या आणि मागे राहिलेल्या मुलीच्या निरोपाच्या गाण्यासाठी, पुन्हा वापरते. परगणा तिचाच, आणि उच्चारही त्याच परगण्यातले, त्यामुळे चाल घरी परतल्यासारखी वाटते.

तिसरे ‘व्हिटसन डान्स’. याची चाल ससेक्सच्याच रॉटिंगडीन गावातल्या कॉपर कुटुंबाकडची, पण शब्द मार्शल यांनी नव्याने लिहिलेले आहेत. युद्धात पुरुष गेले, आणि गावातल्या ज्या बायका म्हाताऱ्या होईपर्यंत नाच टिकवून धरतात त्यांच्याविषयीचे हे गाणे आहे. जुन्या चालीवर नवे शब्द असूनही ते परंपरेच्या बाहेरचे वाटत नाही, कारण लिहिणाऱ्याने जुनाट भाषेचा आव आणलेला नाही. त्याला लागूनच ‘स्टेन्स मॉरिस’ हे नाचाचे गाणे येते, पुरुषांच्या समूहस्वरात आणि सगळ्या वाद्यांच्या गजरात. हा धक्का मला दर वेळी नव्याने बसतो.

आता वाद्यांकडे येते. या कथेसाठी डॉलीने रचना लिहिली आणि डेव्हिड मन्रो यांच्या अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडनच्या वादकांनी ती वाजवली. हा गट मन्रो आणि क्रिस्टोफर हॉगवूड यांनी 1967 मध्ये स्थापन केलेला होता. इथे क्रमहॉर्न आहे, म्हणजे आकड्यासारख्या वळलेल्या टोकाचे लाकडी सुषिरवाद्य. त्याची जिव्हाळी टोपणाखाली झाकलेली असते, वादकाचे ओठ तिला लागतच नाहीत, त्यामुळे सनईवादक ओठांनी जी जादू करतो ती इथे करता येत नाही आणि आवाज एकसारखा, गुंजणारा राहतो. रॅकेट नावाचे बुटके वाद्य आहे, ज्यात नळी आतल्या आत अनेकदा दुमडलेली असल्याने वीतभर लांबीतून खर्जाचा आवाज निघतो. ट्रोम्बोनचा पूर्वज सॅकबट आहे, लाकडी कॉर्नेट आहे, पडद्यांची आणि गजाने वाजणारी व्हायल आहे, अरबी रबाबपासून आलेले रेबेक आहे, हार्पसिकॉर्ड आहे. यांतली काही वाद्ये आवाज लहान-मोठा करू शकतात, पण ऑर्गन, क्रमहॉर्न आणि हार्पसिकॉर्ड यांचा स्वभाव डॉलीच्या पथ्याला अगदी जुळणारा आहे, कारण ती वाद्ये भावनेच्या भरात फुगू शकत नाहीत.

‘जुनी वाद्ये म्हणजे अस्सलपणा का’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट द्यायला हवे, आणि ते ‘नाही’ असे आहे. शार्प आणि व्हॉन विल्यम्स यांनी टिपलेली बहुतेक गाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लोकांच्या तोंडी रुळलेली, पुष्कळशी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या छापील कागदांवरून पसरलेली आहेत. क्रमहॉर्न मात्र सतराव्या शतकातच मागे पडला होता. ससेक्सच्या नांगऱ्याने क्रमहॉर्नच्या साथीने कधी गाणे म्हटलेले नाही. खेड्यातल्या वाद्यांचा इतिहासच धरायचा असता, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावच्या चर्चमध्ये सज्ज्यात बसून वाजवणारे फिडल, क्लॅरिनेट, बॅसून आणि सर्पंट यांचे ताफे घ्यावे लागले असते. स्टेन्स मॉरिसची चाल अपवाद आहे. ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराच्या विल्यम बॅलेटच्या ल्यूट-वहीत सापडते, त्यामुळे जुन्या दरबारी वाद्यांत ती आपल्या काळात वावरते. बाकीच्या गाण्यांबाबत ही जोडणी कल्पनेतली आहे. डॉलीने केले ते पुनर्निर्माण नव्हते, ती नवी रचना होती, आणि तिचा मोठेपणा त्यातच आहे. दुकानातून क्रमहॉर्न आणून कुणाही गाण्यामागे वाजवल्याने असे काही घडत नाही, हे त्यानंतर निघालेल्या कितीतरी अनुकरणांनी दाखवून दिले आहे.

मन्रो यांच्याविषयी थोडेसे विषयांतर करते. केंब्रिजला शिकायला जाण्यापूर्वी ते काही काळ दक्षिण अमेरिकेत, पेरूमध्ये शिकवत होते आणि तिथून लोकवाद्ये घेऊन परतले होते. युरोपातली हरवलेली दरबारी वाद्ये आणि जगात अजून जिवंत असलेली लोकवाद्ये यांचे नाते त्यांना त्यामुळे दिसले, आणि म्हणूनच शास्त्रीय संगीताच्या वर्तुळातला हा माणूस लोकगीत गाणाऱ्या दोन बहिणींच्या कामात मनापासून सामील झाला. 1976 मध्ये वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी ते गेले. पुढच्या वर्षी व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठवलेल्या सुवर्ण-तबकडीत त्यांच्या गटाने वाजवलेली एक रचना आहे, आणि त्याच तबकडीत आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. केसरबाईंचा तो सरळ, भरदार, लाडिकपणाला थारा न देणारा स्वर आणि मन्रो यांचा वाद्यवृंद एका तबकडीवर असावेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

1970 मध्ये ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’ आली. ही तबकडी आधीच्या तबकडीपेक्षा उदास आहे, वाद्ये कमी आहेत आणि गाणी बहुतेक विश्वासघाताची व मृत्यूची आहेत. मला स्वतःला ती अधिक जवळची वाटते, कारण तिथे साथ आणखी मागे सरलेली आहे. तुम्ही संयोजन शिकण्यासाठी एकच तबकडी निवडणार असाल तर ही निवडा. यानंतर शर्ली विजेच्या वाद्यांसह गाऊ लागली. 1971 मधील ‘नो रोझेस’ मध्ये तिच्यासोबत 27 वादक-गायक आहेत. दोघी बहिणींची शेवटची संयुक्त तबकडी 1978 मधली. डॉलीने त्यापूर्वी, 1977 मध्ये, पीटर बेलमी यांच्या ‘द ट्रान्सपोर्ट्स’ या, ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलेल्या कैद्यांवरच्या गीतनाट्याचे संयोजन केले होते. पुढे वैयक्तिक आघातानंतर शर्लीचा गाण्याचा आवाजच नाहीसा झाला आणि सुमारे तीन दशके ती लोकांपुढे गायली नाही. डॉली 1995 मध्ये वारली. शर्ली 2014 मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली आणि 2016 मध्ये, 38 वर्षांच्या खंडानंतर, तिची ‘लोडस्टार’ ही नवी तबकडी आली. आवाज खाली गेलेला आहे, ठिकठिकाणी विरळ झालेला आहे, पण गाण्याची पद्धत तीच आहे. गळ्याचे सौंदर्य गेल्यावरही गाणे उभे राहते, यावरून त्या पद्धतीची ताकद किती होती हे कळते.

आता तुमच्या ओव्यांकडे वळते. त्यांच्या वाद्यांची नक्कल करू नका, क्रमहॉर्नऐवजी पुंगी आणि ऑर्गनऐवजी सूरपेटी असा हिशेबही मांडू नका. घ्यायची आहे ती कामाची वाटणी. तुमच्यापैकी जी गाते तिने आजी जशी म्हणायची तशीच ओवी म्हणावी, त्यात मुरक्या, आलाप, भावगीताचा लाडिकपणा आणू नये. आजीचे शब्दोच्चार जपावेत, ‘न’ आणि ‘ण’ तिच्या बोलीत जसे होते तसेच ठेवावेत. जी साथ करते तिने मात्र स्वतःला मोकळे समजावे.

पेटीच्या साथीची आपली सवय गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवण्याची आहे. ख्यालात, नाट्यगीतात ती योग्यच आहे, कारण तिथे गायक प्रत्येक वेळी नवे काही करतो आणि पेटी त्याला धरून राहते. ओवीत चाल चार-पाच स्वरांची आणि पुन्हा पुन्हा तीच येणारी असते. तीच पेटीवर वाजवली तर ऐकणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा ऐकवल्यासारखे होते. म्हणून चाल वाजवू नका. एक किंवा दोन सूर धरा आणि ओळ संपेपर्यंत बदलू नका. भात्याचा दाब जाणीवपूर्वक सारखा ठेवा, फुगवटा देऊ नका. पेटी हे करू शकते म्हणून ते करायलाच हवे असे नाही. ओवीच्या चालीत नसलेला स्वर पहिल्या दहा-बारा ओव्यांत लावू नका. ओव्यांचा विषय बदलतो, माहेरावरून भावावर, भावावरून विठ्ठलावर येतो, तिथे धरलेला सूर बदलून पाहा. नुसता षड्जाचा मध्यम झाला तरी खोली बदलल्यासारखे वाटेल. एखाद्या ठिकाणी पूर्ण थांबा आणि आवाज एकटा राहू द्या.

तालाबाबत अधिक जपायला हवे. ओवीला जात्याच्या फिरण्याची लय आहे. ती तबल्याच्या मात्रांत पक्की बसणारी नाही, कारण दाणे घालताना हात थांबतो, दम लागला की ओळ लांबते. ढोलकी किंवा तबला घेतला की ही लांबी-आखूडी पहिल्यांदा नाहीशी होते आणि ‘सर्चिंग फॉर लॅम्ब्स’ चारात बसवल्यासारखा प्रकार होतो. तालवाद्य घेऊच नका, निदान सुरुवातीला. खऱ्या जात्याची घरघर ध्वनिमुद्रित करून मागे लावण्याची कल्पना अनेकांना सुचते, तीही टाळावी असे माझे मत आहे. श्रोत्याला ती घरघर चित्र दाखवते, आणि चित्र दिसले की तो शब्द ऐकायचे थांबतो.

संहितेसाठी केवळ आजीच्या आठवणीवर विसंबून राहू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण व शब्द ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला-वाचायला मिळतात. आजीच्या एखाद्या ओवीची चार गावांतली चार रूपे तिथे सापडली तर त्यांची सरमिसळ करून एक ‘उत्तम’ ओवी बनवू नका. आजीचे रूप गा, आणि बाकीची ऐकून ठेवा, म्हणजे आजीने काय वेगळे केले होते ते कळेल. कॉलिन्स बहिणी छापील संग्रह वापरत, कॉपर कुटुंबासारख्या गाणाऱ्या घरांकडूनही चाली घेत, पण कोणते रूप गायचे याचा निर्णय शर्लीचे कान करत.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी साथीशिवाय पूर्ण ओव्या ध्वनिमुद्रित करा आणि पंधरा दिवस तेवढ्याच ऐका. साथ करणारीने त्या काळात पेटीला हात लावू नये. श्वास कुठे पडतो, कोणता शब्द लांबतो, स्वर कुठे किंचित उतरतो, हे वहीत टिपावे. तो उतरलेला स्वर पेटीच्या ठरीव पट्टीशी जुळणार नाही. आजीचा गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असेल, आणि तिथे पेटीवर गांधार लावला की गाणारीचा स्वर नकळत पेटीकडे ओढला जाईल. अशा ओळीखाली फक्त षड्ज-पंचम धरा, गांधार तिच्या गळ्यावर सोडून द्या. साथीचा खर्डा तयार झाला की साथीसह आणि साथीशिवाय अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे घरातल्या, ओव्या माहीत असलेल्या एखाद्या वयस्कर बाईंना ऐकवा आणि कोणते आवडले हे विचारण्याऐवजी शब्द सगळे कळले का, एवढेच विचारा. जिथे शब्द कळले नाहीत तिथली साथ काढून टाका.